फॉरमॅट मारूनही डिस्क परत स्लो का होते? ड्रायव्हर, डीएमए आणि पीआयओची भानगड

लक्षणं ओळखीची आहेत. विंडोज एक्सपीचं जुनं मशीन एकाएकी मंदावतं. बूट व्हायला आधी मिनिटभर लागायचं, तिथे आता चहा पिऊन परत यावं लागतं. फाइल कॉपीला लावली की माउस अडखळत सरकतो. गाणं चालू असेल तर आवाज तुटतो. टॅलीत एन्ट्री टाइप केली तर अक्षरं मागाहून, दमादमाने उमटतात. अँटिव्हायरसला काही सापडत नाही, रॅम वाढवली तरी फरक पडत नाही. शेवटी कोणीतरी फॉरमॅट मारतो, मशीन पळायला लागतं, बिल दिलं जातं. आणि काही आठवड्यांनी तेच रडगाणं पुन्हा सुरू.

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी वजनकाट्याशेजारी, सीएनसी मशीनच्या पॅनेलमध्ये, लॅबमधल्या तपासणी यंत्राला जोडलेला असा एक्सपीचा डबा अजून दिसतो. कारण त्या यंत्राचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. म्हणून सुरुवात एक्सपीपासून करतो. विंडोज १० किंवा लिनक्सवालेही थांबा. तुमच्याकडे हाच आजार वेगळ्या रूपात येतो, त्याकडे पुढे वळतोच.

फॉरमॅटने फरक पडतो म्हणून बहुतेक जण दोष "विंडोज बिघडलं" यावर ढकलतात. खरं तर विंडोज इथे नियमानुसारच वागलेलं असतं. डिस्कशी बोलणाऱ्या ड्रायव्हरने चुका मोजल्या, मर्यादा ओलांडली गेली आणि त्याने वेग उतरवला. तो हिशेब रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, लिहिलेला असतो. फॉरमॅट मारला की रजिस्ट्री जाते आणि तिच्यासोबत हिशेबही जातो. चुका जिथून येत होत्या ती जागा मात्र तशीच राहते. ड्रायव्हर पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो, आणि मोजता मोजता पुन्हा त्याच आकड्यावर येतो.

आधी डेटा डिस्कवरून मेमरीत येतो कसा, ते पाहू. यातलं थोडं कळलं नाही तर पुढचे सगळे उपाय मंत्रासारखे वाटतील.

जुनी पद्धत पीआयओ (प्रोग्रॅम्ड इनपुट/आउटपुट). ड्रायव्हर डिस्कला सांगतो, अमुक सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा) दे. डिस्क सेक्टर तयार ठेवते आणि इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला लक्ष देण्याचा इशारा, देते. मग प्रोसेसर स्वतः १एफ० या पोर्टवरून १६-१६ बिटांचे तुकडे वाचून मेमरीत ठेवत बसतो. ५१२ बाइटांच्या एका सेक्टरला असे २५६ तुकडे. एक जीबीची फाइल म्हणजे त्रेपन्न कोटींहून जास्त तुकडे, आणि प्रत्येक तुकडा प्रोसेसरच्या हातून जाणार. मार्केट यार्डात ट्रक आला आणि पेढीच्या मालकाने गादी सोडून स्वतःच एकेक पोतं पाठीवर घेतलं, तर तेवढा वेळ व्यवहार कोण बघणार? माउस अडखळतो तो यामुळे. सगळ्यात वेगवान पीआयओ मोड ४ ची कागदावरची कमाल सेकंदाला १६.६ एमबी, प्रत्यक्षात हाती त्याहून बरंच कमी लागतं.

दुसरी पद्धत डीएमए (डायरेक्ट मेमरी अ‍ॅक्सेस). यात ड्रायव्हर मेमरीत एक छोटा तक्ता तयार करतो: कोणत्या पत्त्यावर किती बाइट ठेवायचे. एका नोंदीत जास्तीत जास्त ६४ केबी. मोठी फाइल मेमरीत विखुरलेल्या पानांवर उतरायची असते, म्हणून तक्त्यात अशा अनेक नोंदी. तक्त्याचा पत्ता कंट्रोलरच्या (मदरबोर्डवर डिस्क सांभाळणाऱ्या चिपच्या) रजिस्टरमध्ये लिहायचा, डिस्कला आज्ञा द्यायची, सुरू करण्याचा बिट लावायचा आणि प्रोसेसर आपल्या दुसऱ्या कामाला मोकळा. डेटा कंट्रोलर परस्पर मेमरीत नेऊन ठेवतो. संपलं की इंटरप्ट येतो (प्रायमरी चॅनेलला १४, सेकंडरीला १५), ड्रायव्हर फक्त निकाल तपासतो. अल्ट्रा डीएमए मोड २ म्हणजे सेकंदाला ३३ एमबी, मोड ४ म्हणजे ६६, मोड ५ म्हणजे १०० आणि मोड ६ म्हणजे १३३.

अल्ट्रा डीएमएबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती आपल्या कामाची. प्रत्येक तुकडीच्या शेवटी कंट्रोलर आणि डिस्क आपापल्या बाजूने १६ बिटांचा सीआरसी, म्हणजे डेटावरून येणारा पडताळणीचा आकडा, काढतात आणि ताडून बघतात. जुळला नाही तर डिस्क चूक कळवते आणि ड्रायव्हर तीच तुकडी पुन्हा मागतो. म्हणजे केबलमधून जाताना बिट पलटला तर तो पकडला जातो. पीआयओमध्ये ही तपासणी नाहीच. "पीआयओवर टाकून द्या, चालतंय ना" असा सल्ला कोणी दिला तर हे लक्षात ठेवा. वेग कमी झाल्याने केबलवरच्या चुका कमी होतात हे खरं, पण उरलेली चूक पकडायला कोणी राहत नाही.

आता एक्सपीच्या ड्रायव्हरचा नियम. सीआरसी चूक असो वा टाइमआउट (ठरल्या वेळेत उत्तर न येणं), दोन्ही एकाच खात्यात मोजायच्या. सहा झाल्या की एक पायरी खाली. मोड ५ वरून ४, मग ३, असं करत शेवटी पीआयओ. मूळ व्यवस्थेत या सहा चुका लागोपाठच यायला हव्यात असं नाही. महिन्याभरात सुट्या सुट्या आल्या तरी बेरीज सहाच. मधल्या काळातली लाखो यशस्वी वाचनं हिशेबात धरलीच जात नाहीत. माझ्या मते ही त्या ड्रायव्हरची सगळ्यात वाईट सवय. लॅपटॉप झोपेतून उठताना डिस्क फिरायला जरा उशीर लागला आणि एक टाइमआउट झाला, तर तोही जमा.

पुढे मायक्रोसॉफ्टने यावर एक रजिस्ट्री नोंद दिली, ती खाली सांगतो. पण आधी आपल्या मशीनला हाच आजार आहे का, ते पक्कं करा.

माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, डिव्हाइस मॅनेजर. "आयडीई एटीए/एटीएपीआय कंट्रोलर्स" उघडा (आयडीई म्हणजे डिस्क जोडायची जुनी, रुंद पट्टी केबलची पद्धत). प्रायमरी आयडीई चॅनेलवर डबल क्लिक, मग अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. इथे दोन ओळी बघायच्या. ट्रान्स्फर मोडसमोर "डीएमए इफ अव्हेलेबल" आणि त्याखाली करंट ट्रान्स्फर मोडसमोर "पीआयओ मोड" असेल, तर रोग सापडला. परवानगी डीएमएची आहे, पण ड्रायव्हर स्वतःहून खाली आलाय. सेकंडरी चॅनेलही तपासा, तिथे बहुधा डीव्हीडी ड्राइव्ह असतो. ओरखडे पडलेली सीडी वाचताना टाइमआउट होतात, तेही मोजले जातात. मग डीव्हीडीवरचा सिनेमा धक्के खात चालतो आणि आपण नवा ड्राइव्ह आणतो.

साटा (आयडीईनंतरची, सडपातळ केबलची) डिस्क असेल तर ही जागा लागू नाही असं समजू नका. बायोसमध्ये कंट्रोलर आयडीई मोडवर ठेवला असेल तर एक्सपीला साटा डिस्कही आयडीई चॅनेलवरच दिसते आणि हाच नियम तिलाही लागतो. घाईघाईत बायोसमधून एएचसीआय मोड (साटाची स्वतःची पद्धत) मात्र करू नका. एक्सपीत तो ड्रायव्हर आधी घातलेला नसेल तर निळ्या पडद्यावर ७बी ही चूक येऊन मशीन उठायचंच थांबेल.

दुसरी खूण प्रोसेसरची. टास्क मॅनेजरमध्ये वापर वर दिसतो, पण कोणता प्रोग्रॅम खातोय ते दिसत नाही. सिसइंटर्नल्सचा प्रोसेस एक्सप्लोरर लावा. त्यात "इंटरप्ट्स" ही वेगळी ओळ असते. फाइल कॉपी करताना ती ओळ फुगली तर प्रोसेसर पोती वाहतोय.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडते, कारण ती एका नजरेत कळते. एचडी ट्यूनसारख्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कचा वाचन-आलेख काढा. फिरत्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त सेक्टर बसतात, आतल्या बाजूला कमी. म्हणून धडधाकट डिस्कचा आलेख डावीकडे उंच सुरू होतो आणि उजवीकडे उतरत जातो. पीआयओत अडकलेल्या डिस्कचा आलेख मात्र फळीसारखा सपाट दिसतो, तळाशी एका आकड्यावर चिकटलेला. कारण अडथळा थाळीवर नाही, वाटेत आहे. आलेख उतरता आहे, पण मधेमधे खोल खड्डे पडलेत, असं चित्र आलं तर प्रकरण वेगळं: तिथे डिस्कची तब्येत बघायची.

मोड बरोबर आहे, वाचनही व्यवस्थित आहे, पण लिहायला वेळ लागतो, अशीही एक फसवी केस असते. एक्सपी पहिलं पार्टिशन सेक्टर ६३ पासून सुरू करतं. नव्या डिस्कच्या आत सेक्टर ४ केबीचे असतात आणि बाहेर त्या ५१२ बाइटांचे असल्याचं दाखवतात. ६३ ला आठने भाग जात नाही, म्हणून विंडोजचा एक ब्लॉक डिस्कच्या दोन सेक्टरांवर पसरतो आणि लिहिण्यापूर्वी डिस्कला आधी वाचावं लागतं. यात ड्रायव्हरचा काही संबंध नाही. पार्टिशन योग्य जागी सरकवलं की प्रश्न मिटतो.

पीआयओ ठरलं असेल तर आता हात आवरा. चॅनेल अनइन्स्टॉल करायची घाई नको. सगळे तिथेच घाई करतात, आणि म्हणून तक्रार परत येते.

चुका दोन प्रकारच्या असतात हे वर आलंच: सीआरसीच्या आणि टाइमआउटच्या. एक्सपी त्या एकाच खात्यात टाकतं, त्यामुळे बाहेरून लक्षण एकच दिसतं. पण सीआरसीची चूक वाटेतली असते, म्हणजे केबल, कनेक्टर, कंट्रोलर. टाइमआउट बहुतेक वेळा डिस्कच्या आतला असतो: सेक्टर वाचता येत नाही, डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करतेय आणि ड्रायव्हरची वाट पाहायची वेळ संपली. पहिल्यावर उपाय शंभर-दीडशे रुपयांची केबल. दुसऱ्यावर उपाय आधी डेटा वाचवणं. हा फरक न करता केलेली कुठलीही दुरुस्ती म्हणजे अंधारात दगड मारणं.

फरक सांगणारी वही डिस्कच्या आतच असते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो लावा (एक्सपीवर त्याची जुनी आवृत्ती चालते). चार ओळी पुरतात. सी७, म्हणजे १९९ क्रमांक: अल्ट्रा डीएमए सीआरसी चुका. ०५: बदललेले सेक्टर. सी५, म्हणजे १९७: वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. सी६, म्हणजे १९८: तपासणीत दुरुस्त न झालेले. हा प्रोग्रॅम कच्चे आकडे आपोआप षोडशमान पद्धतीत दाखवतो. तिथे १० दिसलं तर ते सोळा असतात. मेन्यूतून दशमान करून घ्या, नाहीतर गोंधळ होतो.

१९९ चा आकडा कधीच शून्यावर येत नाही. केबल बदलली, फॉरमॅट मारला, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, तरी जुना आकडा तसाच राहतो. त्यामुळे तिथे नुसतं ४०० दिसलं म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. ते चारशे मागच्या मालकाच्या सैल केबलचेही असू शकतील. बघायचं ते आकडा वाढतोय का. आजचा आकडा कॅबिनेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखेसकट लिहून ठेवा, मोठी फाइल चार-पाच वेळा इकडून तिकडे कॉपी करा, पुन्हा बघा. वाढला तर वाट खराब. १९९ जागचा हलला नाही आणि १९७ शून्याच्या वर आहे, तर डिस्क खराब.

एक्सपीच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही, सिस्टिम लॉगखाली, साक्षीदार असतात. एटीएपीआयच्या नावाने ९ क्रमांक म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही. ११ म्हणजे कंट्रोलरची चूक. डिस्कच्या नावाने ७ म्हणजे बॅड ब्लॉक, आणि तो दिसला की केबलवर वेळ घालवू नका. ५१ म्हणजे पेजिंग (मेमरी आणि डिस्क यांच्यातली डेटाची ने-आण) चालू असताना चूक. तो एकटा आला तर त्यावरून काही ठरवता येत नाही, शेजारच्या नोंदी बघा.

वाट खराब निघाली असं धरू. आयडीईच्या रुंद पट्टी केबलपासून सुरुवात. या केबल दोन प्रकारच्या: ४० तारांच्या आणि ८० तारांच्या. कनेक्टर दोन्हींचे ४० पिनांचेच, म्हणून कोणतीही कुठेही बसते आणि घोळ होतो. ८० वाल्यात प्रत्येक सिग्नल तारेच्या शेजारी एक ग्राउंडची तार असते, त्याने शेजारच्या तारांचा गोंगाट आवरतो. मोड २ च्या वर जायला ८० वालीच लागते. पट्टी बारीक, दाट रेघांची दिसली तर ८०, ठळक मोजता येतील अशा तारा दिसल्या तर ४०. निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टर डिस्कला, मधलं राखाडी स्लेव्हला (एकाच केबलवरची पहिली आणि दुसरी डिस्क). एकच डिस्क असेल तर ती काळ्या टोकालाच लावा. मधल्या कनेक्टरला लावून शेवट मोकळा सोडला तर सिग्नल त्या मोकळ्या टोकावरून उलटतो. लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नको. टॉवर कॅबिनेट मोठं आहे म्हणून कोणी लांबलचक केबल घातली असेल तर ती काढाच. आणि कॅबिनेट नीटनेटकं दिसावं म्हणून पट्टीची घडी घालून केबल टायने आवळलेली असते, तीही सोडा. दिसायला छान, चालायला वाईट.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये करंट मोड नेमका "अल्ट्रा डीएमए मोड २" दाखवत असेल आणि डिस्क मोड ५ ची असेल, तर ड्रायव्हरने चुका मोजून वेग उतरवला असं लगेच म्हणू नका. ४० तारांची केबल आहे हे कंट्रोलरला पिन ३४ वरून कळतं आणि वेग सुरुवातीलाच तिथे रोखला जातो.

साटाची केबल सडपातळ, सात संपर्कांची, एक मीटरपर्यंत चालते. तिचा त्रास वेगळा. जुन्या केबलला पकडणारी धातूची क्लिप नसते. डिस्कची कंपनं, पंख्याची थरथर, कॅबिनेटला लागलेला पाय, यांनी ती हळूहळू ढिली होते. कोकणात आणि गोव्यात संपर्कांवर दमट हवेचा थर धरतो हाही भाग आहेच. क्लिपवाली नवी केबल घ्या आणि मदरबोर्डवरचा पोर्टही बदलून बघा. दोन गोष्टी एकदम बदलू नका, नाहीतर दोष कशात होता ते कळणार नाही.

केबल बदलूनही १९९ वाढतोय? मग वीज बघा. एसएमपीएसची बारा आणि पाच व्होल्टची लाइन लोडवर खाली पडत असेल तर डिस्क मधेच रीसेट होते. चार पिनी मोलेक्सचं साटा करणारं स्वस्त कन्व्हर्टर असेल तर आधी ते काढा. अशा कन्व्हर्टरचे ओतीव कनेक्टर आतून जळाल्याच्या केसेस आहेत. स्लो डिस्क हा त्यापुढे किरकोळ प्रश्न.

दोष सापडला, दुरुस्त झाला. आता ड्रायव्हरचा जुना हिशेब पुसायचा. ट्रान्स्फर मोड एकदा "पीआयओ ओन्ली" करून पुन्हा डीएमएवर आणण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. बहुतेक वेळा ती फुकट जाते, कारण रजिस्ट्रीतली नोंद तशीच राहते. खात्रीचा रस्ता म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या चॅनेलवर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, आणि रीस्टार्ट. एक्सपी उठताना चॅनेल नव्याने शोधतं, डिस्कला तिची क्षमता विचारतं आणि वरच्या पायरीपासून सुरू करतं. कधी आणखी एकदा रीस्टार्ट मागतं, तो द्या. डिस्कवरच्या डेटाला यात धक्का लागत नाही.

अनइन्स्टॉल जमत नसेल तर रजिस्ट्री. हात लावण्यापूर्वी एक्स्पोर्ट करून ठेवा. लोकल मशीनच्या सिस्टिमखाली करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास, आणि तिथे ४डी३६ई९६ए ने सुरू होणारी कंसातली की. तिच्या आत ०००१, ०००२ अशा उपकी असतात. कोणती प्रायमरीची आणि कोणती सेकंडरीची ते आत ड्रायव्हरच्या वर्णनात वाचता येतं. मास्टरसाठी "मास्टर आयडी डेटा चेकसम", स्लेव्हसाठी "स्लेव्ह आयडी डेटा चेकसम" या नावाची नोंद (मूळ नावात मधे मोकळी जागा नाही) डिलीट करून रीस्टार्ट करा. ड्रायव्हरला वाटतं डिस्क नवी आली, आणि तो पुन्हा पहिल्यापासून जुळवून घेतो.

सहाच्या बेरजेवरचा कायमचा उतारा त्याच उपकीत घालायचा. "रिसेट एरर काउंटर्स ऑन सक्सेस" या नावाची, इंग्रजीत सगळे शब्द जोडून लिहिलेली, डीवर्ड नोंद बनवा आणि किंमत १ द्या. ही नोंद असली की प्रत्येक यशस्वी व्यवहारानंतर मोजणी शून्य होते. सहा चुका लागोपाठ आल्या तरच वेग उतरतो. झोपेतून उठताना अडखळणाऱ्या लॅपटॉपला हे अगदी लागू पडतं. पण केबल खराब असताना ही नोंद घालू नका. चुका होतच राहतील, फक्त त्यांची बोंब बंद होईल.

आता विंडोज १० वगैरे. इथे एएचसीआयचा ड्रायव्हर पीआयओपर्यंत घसरत नाही, म्हणून "स्लो" असं चित्र नसतं, गोठण्याचं असतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, पण वाचन-लेखन शून्य केबी. अर्धं मिनिट, मिनिट सगळं ठप्प, मग एकदम सुरळीत. काय होतं? एएचसीआयमध्ये ड्रायव्हर डिस्कला एका वेळी ३२ आज्ञा देऊन ठेवू शकतो, डिस्क आपल्या सोयीने क्रम लावते. त्यातल्या एका आज्ञेचं उत्तर येईना, की ड्रायव्हर वाट बघतो. विंडोजमध्ये डिस्कची ही मुदत मुळात ६० सेकंदांची. मुदत संपली की लिंक रीसेट करून अडकलेल्या आज्ञा पुन्हा द्यायच्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ क्रमांक म्हणजे हा रीसेट, १५३ म्हणजे आज्ञा पुन्हा द्यावी लागली.

१२९ दिसला की पुन्हा तोच प्रश्न, वाट की डिस्क? १९९ आणि १९७ बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोत ट्रान्स्फर मोडपुढे दोन आकडे असतात, चालू वेग आणि डिस्कची क्षमता. साटा १५० आणि ६०० अशी जोडी दिसली तर लिंक खालच्या वेगावर जुळलीय. बोर्ड जुना नसेल तर केबलवर संशय घ्या. दोन्ही स्मार्ट आकडे स्वच्छ असूनही मशीन गोठतंय, आणि तेही काम नसताना थोड्या वेळाने परत बसल्यावर, तर वीजबचतीकडे वळा. लिंक झोपते आणि काही एसएसडी नीट उठत नाहीत. पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद करण्याची वेळ शून्य करा, एएचसीआय लिंक पॉवर मॅनेजमेंट "अ‍ॅक्टिव्ह" करा (हा पर्याय मुळात लपवलेला असतो, दाखवून घ्यावा लागतो), आणि एसएसडीचं फर्मवेअर अपडेट बघा.

लिनक्समध्ये काम सोपं, कारण तिथला ड्रायव्हर मनातलं सगळं बोलतो. डीमेसेज ही कमांड चालवा, ती कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग दाखवते. "आयसीआरसी" शब्द दिसला तर वाट, "यूएनसी" दिसला तर डिस्कचा सेक्टर. "हार्ड रीसेटिंग लिंक" आणि पाठोपाठ "लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू १.५" अशी ओळ आली तर एक्सपीसारखीच पायरी उतरली, रीस्टार्टनंतर पुन्हा वर जाईल आणि केबल तीच असेल तर पुन्हा उतरेल. यूएसबीच्या डब्यातली डिस्क वारंवार रीसेट होत असेल आणि ओळीत "यूएएस" (यूएसबीवरून आज्ञांची रांग लावण्याची पद्धत) दिसत असेल, तर त्या डब्याच्या चिपला आज्ञांची रांग झेपत नाहीये. कर्नलला त्या चिपसाठी यूएएस बंद करायला सांगता येतं, मग वेग थोडा घटतो पण तुटणं थांबतं.

लिनक्सवर रेड (अनेक डिस्कचा एकत्र गट) लावलेल्यांची एक खास तक्रार असते: चांगली दिसणारी डिस्क अधूनमधून रेडमधून बाहेर फेकली जाते. कर्नलची मुदत ३० सेकंद. घरगुती डिस्क मात्र एका खराब सेक्टरवर मिनिटाहून जास्त झटू शकते, आणि तोवर ती कोणाला उत्तर देत नाही. कर्नल समजतो डिस्क गेली. रेडसाठी बनवलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत "जमत नाही" म्हणून मोकळ्या होतात आणि रेड तो सेक्टर दुसऱ्या डिस्कवरून भरून काढतो. तुमची डिस्क एससीटी ईआरसी (खराब सेक्टरवर किती वेळ झटायचं याला मर्यादा घालणारी सोय) मानत असेल तर स्मार्टसीटीएल या कमांडने तिची मुदत ७० ठेवा (एकक सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे सात सेकंद); मानत नसेल तर कर्नलची मुदत वाढवून १८० करा. वीज गेल्यावर ही सेटिंग बहुधा पुसली जाते, म्हणून बूटच्या स्क्रिप्टमध्ये टाका.

डिस्कच खराब निघाली तर? १९७ शून्याच्या वर असताना चेकडिस्कला सेक्टर दुरुस्त करायला लावू नका. ते पूर्ण डिस्क घासून काढतं, आणि मरणाऱ्या डिस्कचे उरलेले तास त्यातच जातात. आधी नवी डिस्क जोडा, लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू चालवा. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडणारे सेक्टर शेवटी ठेवतो, आणि कुठवर आलो ते मॅप फाइलमध्ये लिहितो, त्यामुळे लाइट गेली तरी तिथूनच पुढे चालतं. वाचवायची डिस्क कुठली आणि रिकामी कुठली हे एंटर दाबण्यापूर्वी सीरियल नंबरवरून पडताळा.

एक अपवाद राहिला. यंत्रांच्या पॅनेलमधली जुनी आयडीई डिस्क काढून तिथे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड अडॅप्टरने लावतात. कंपनं सोसतं, आवाज नाही, चांगला पर्याय आहे. पण कित्येक जुन्या अडॅप्टरवर डीएमएची मागणी आणि मंजुरी देणाऱ्या दोन तारा जोडलेल्याच नसतात. कार्ड म्हणतं मला डीएमए येतं, ड्रायव्हर त्यावर विश्वास ठेवतो, आणि प्रत्येक आज्ञा टाइमआउट होते. मशीन उठताना लांबलचक थांबे, मग पीआयओ. हिशेब पुसला की थांबे पुन्हा. इथे चॅनेल अनइन्स्टॉल करून काही होणार नाही आणि केबल बदलूनही नाही. दोन्ही तारा जोडलेला अडॅप्टर घ्या. तो मिळेपर्यंत ट्रान्स्फर मोड स्वतःच "पीआयओ ओन्ली" करून ठेवा, म्हणजे निदान उठतानाचे थांबे जातील. सीएनसीचा प्रोग्रॅम काही केबींचा असतो, त्याला तेवढा वेग पुरतो.